मराठवाड्यातल्या घरासाठी गालिचा: धाग्याचं नाव नंतर, आधी पाणी आणि धूळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात नवा फ्लॅट, बारा बाय सोळाचा हॉल, खाली व्हिट्रिफाइड फरशी. घरात गुडघेदुखी असलेल्या आई आणि दोन लहान मुलं. थंडीत फरशी गार लागते म्हणून गालिचा हवा आहे. दुकानदार 'सिल्क टच' दाखवतो. मेहुणे म्हणतात लोकरीचाच घ्या, एकदा घेतला की झालं. आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं.

या सगळ्यात निर्णय ठरवणारी गोष्ट शेवटची आहे. मुंबई-कोकणात गालिच्याचा शत्रू ओलावा असतो. आपल्याकडे गालिचा धुळीनं आणि न धुतल्यानं मरतो. ज्या भागात लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं 'धुता येतो' या शब्दाला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा किती बादल्यांत धुतला जातो हेही कळतं. म्हणून दुकानात शिरण्याआधी दोनच प्रश्न मनात ठेवा: हा भिजल्यावर घरातल्या दोन माणसांना उचलता येईल का, आणि टाकीतलं किती पाणी खाईल?

तुमच्या घरापुरतं उत्तर आधी देतो. सोफ्यासमोर ५ × ८ फुटांचा, मशीनवर विणलेला, आखूड लवीचा (लव म्हणजे वरचे उभे धागे), पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिक धाग्याचा गालिचा. आई बसतात-उठतात तिथं जाड सुती सतरंजी, खाली रबरी जाळी. दारात काथ्याचं पायपुसणं. देवघरात सुती किंवा लोकरीचं आसन, सिंथेटिक काहीही नको. लोकरीचा घ्यायची हौस असेल तर बेडरूममध्ये, पलंगाशेजारी, ३ × ५ पुरता. 'सिल्क टच' दुकानातच राहू द्या. आता कारणं.

धुळीचं आधी बघू. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची. वाळली की पिठासारखी उडते, ओली झाली की चिकटते. तिच्याबरोबर येणारे वाळूचे टोकदार कण लवीच्या बुडाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलागणिक धागा कापत राहतात. वरून गालिचा स्वच्छ दिसतो, पण येण्याजाण्याच्या वाटेवरची लव दोन वर्षांत विरळ होते ती यामुळे. व्हॅक्यूम क्लिनर वरचा अर्धा भाग ओढतो, बुडातली माती तिथंच राहते. ती काढायचा खात्रीचा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा गालिचा गच्चीवर नेऊन पालथा घालणं आणि पाठीवर काठीनं हलके फटके मारणं. उचलल्यावर खाली मातीचा पट्टा पडलेला दिसेल. पुन्हा सरकवून फटके मारा; पट्टा पडायचा थांबला की गालिचा स्वच्छ. यात पाणी शून्य लागतं. जो गालिचा असा उचलून झटकता येत नाही, तो इथल्या घरासाठी नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट याच कारणासाठी नको. ऑफिसात ठीक आहे, तिथंही ५० सेंटीमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल्स बऱ्या. खराब झालेली तेवढीच बदलता येते.

चप्पल-बुटांची ओली काळी माती गालिच्यावर पडलीच तर लगेच ओल्या फडक्यानं घासू नका. घासलं की चिखल लवीत खोल जातो. पूर्ण वाळू द्या, कडक ब्रशनं मोडा, झटका, मग उरलेला डाग पुसा.

आता वजनाचा हिशेब. ५ × ८ म्हणजे ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. दुकानदार '२४०० जीएसएम' म्हणाला तर त्याचा अर्थ एका चौरस मीटरला २४०० ग्रॅम, म्हणजे कोरडा गालिचा ९ किलोच्या आसपास. तो लोकरीचा असेल तर भिजल्यावर दुपटीच्याही पुढं जातो, कारण लोकरीचा तंतू हाताला ओला न लागताच स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ आत ओढून घेतो आणि लवीत साठलेलं पाणी आणखी वेगळं. साबण निघेपर्यंत असा गालिचा धुवायला साधारण १५ ते २० बादल्या लागतात. पॉलिप्रॉपिलीनचा तंतू पाणी शोषतच नाही. जे पाणी असतं ते धाग्याधाग्यांच्या मधलं, तिरका टांगला की निथळतं. त्याला निम्म्या पाण्यात भागतं आणि मे महिन्यात दुपारपर्यंत वाळतो. ४ × ६ ची सुती सतरंजी चार-पाच बादल्यांत निघते.

पॉलिप्रॉपिलीनला काही दुकानात 'पीपी', काही 'हीट सेट' म्हणतात. रंग तंतू तयार होतानाच आत मिसळलेला असतो, त्यामुळे सहसा जात नाही, आणि चहा-कॉफी तंतूत शिरत नाही. पण त्याचे दोष दुकानात कुणी सांगत नाही. एक, तो १६०-१६५ अंशांला वितळतो. आपल्याकडे जमिनीवर सतरंजी टाकून तिच्यावर इस्त्री करायची सवय घरोघरी आहे. सुती कपड्यासाठी इस्त्री २०० अंशांपर्यंत तापते. पातळ चादर टाकून या गालिच्यावर इस्त्री केली की लव चिकटून काचेसारखा चकचकीत डाग पडतो, तो कधीच जात नाही. उदबत्तीचं टोक, निरांजनातली ठिणगी, फुलबाजी, सगळ्यांचं तेच. सोफा न उचलता ओढला तरी घर्षणाच्या उष्णतेनं चमकदार रेघ उठते. दोन, तेल त्याला धरून राहतं. तीन, दबलेली लव पुन्हा उभी राहायची ताकद कमी. सोफ्याच्या पायाखालचे खळगे कायमचे.

आणि एक गोष्ट पाठ उलटून बघायची. मशीनच्या बऱ्याच पीपी गालिच्यांत आडवा धागा तागाचा असतो, पाठीवर तपकिरी, खरखरीत दिसतो. वर सिंथेटिक असला तरी असा गालिचा पाण्यात बुडवून ठेवला की तागातला तपकिरी रंग वर लवीत चढतो आणि पांढऱ्या-क्रीम भागावर पिवळट ढग उमटतात. मग दोष साबणाला दिला जातो. ताग असेल तर वरवर ओला करून धुवा, भिजत घालू नका, लगेच टांगा. पाठ पूर्ण सिंथेटिक असेल तर निर्धास्त धुवा. माझ्या मते मुलांच्या घरात याच एका कारणासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

नायलॉन यापेक्षा मजबूत. दबला तरी उभा राहतो, झिजतही कमी. पण हळदीचा, चहाचा रंग लवकर धरतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत त्याच्यावरून चालून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. पॉलिस्टर मऊ लागतं, स्वस्तही, पण वर्दळीत लवकर चेपतं. खोलीत मऊ वाटणारे लांब केसांचे 'शॅगी' गालिचे बहुतेक याच धाग्याचे. ३०-४० मिलिमीटरच्या लवीत काळी माती गेली की ती तिथलीच रहिवासी. लव ८ ते १० मिलिमीटरच्या वर नको.

'सिल्क टच', 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' ही नावं धाग्याची नाहीत, विकण्याची आहेत. त्यांच्यामागं पॉलिस्टर असतं नाहीतर व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. पॉलिस्टर असेल तर फार तर जास्त पैसे गेले. व्हिस्कोस असेल तर खरी पंचाईत: ओलं झाल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि साध्या पाण्याचा थेंब पडला तरी लव आडवी होऊन पिवळसर डाग राहतो. लहान मुलं आणि पाण्याचा तांब्या असलेल्या घरात असा गालिचा पहिल्याच आठवड्यात डागाळतो. ओळखायचं कसं? कडेचा एक सुटा धागा मागून घ्या. मधोमध जिभेनं ओला करून दोन्ही टोकांनी ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर व्हिस्कोस. सूत उलट ओलं झाल्यावर जास्त ताकदीचं होतं, पॉलिस्टरला फरकच पडत नाही.

जाळून बघायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण वाचता येत नाही. चिमट्यात धरून, दुकानाबाहेर करा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, राख बोटांत चुरडली जाते. सूत, ताग, व्हिस्कोस कागदासारखे जळतात, करडी राख उरते. सिंथेटिक वितळून कडक मणी होतो, चुरडला जात नाही. पीपी वेगळा काढायचा तर पाण्याच्या ग्लासात साबणाचा एक थेंब टाका, धाग्याचा तुकडा चिमटीनं पाण्याखाली दाबून त्यातली हवा काढा आणि सोडा. वर तरंगला तर पीपी, तो पाण्यापेक्षा हलका. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात.

आता लोकर. मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही. चांगल्या लोकरीचा, हातानं गाठी मारलेला गालिचा दोन पिढ्या टिकतो. दबतो आणि उठतो, आगीला बळी पडत नाही, थंडीत पायाला जसा लागतो तसा दुसरा कुठलाच लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर भागात असे गालिचे होतात, भदोहीच्या हातानं विणलेल्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण 'हँडमेड' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. गाठींच्या गालिच्याची पाठ उलटली की समोरचीच नक्षी तितकीच स्पष्ट दिसते, आणि टोकांच्या झालरी म्हणजे उभे धागेच पुढं आलेले असतात. टफ्टेड गालिच्यात कापडावर यंत्राच्या बंदुकीनं लोकर टोचलेली असते, मागं लॅटेक्सचा डिंक आणि त्यावर पांढरं जाड कापड चिकटवलेलं. झालर असेल तर वेगळी शिवलेली.

टफ्टेड वाईट नव्हे, पण आपल्या उन्हाळ्याला तो टिकत नाही. लॅटेक्समध्ये खडूची भुकटी भरलेली असते. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली काही वर्षं काढली की डिंक वाळून कडक होतो, मोडतो, आणि गालिचा उचलला की फरशीवर पिठासारखी पांढरी पूड दिसते. मग लवीचे पुंजके सुटू लागतात. नवा घेतानाही एक कोपरा मुडपून कानाशी धरा. कुरकुर आवाज आला किंवा पूड सांडली तर तो गोदामातच म्हातारा झालाय. असा गालिचा कडक उन्हात वाळवला तर मरण आणखी लवकर.

लोकरीला दुसरा धोका कसरीचा. कसर उजेडात, वर्दळीत लागत नाही. सोफ्याखाली, कपाटाच्या आड, जिथं गालिचा वर्षभर हललेला नसतो तिथं तिच्या अळ्या बुडापासून लव खातात. घाम किंवा अन्न सांडलेली जागा आधी. डांबरगोळ्या लहान मुलांच्या घरात नकोत, पोटात गेल्या तर विषारी. कडुनिंबाचा पाला टाकतात तो टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दर दोन-तीन महिन्यांनी गालिचा फिरवायचा, सोफ्याखालचं टोक बाहेर काढायचं, दोन्ही बाजूंनी ब्रश करून तासभर ऊन दाखवायचं.

आणि तिसरा धोका आपला आपणच आणतो. एप्रिल ते जून घरोघरी कूलर चालतात. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण कूलरसमोरच्या खोलीत दिवसभर दमट वारा. लोकर, ताग आणि सूत तो ओलावा ओढून घेतात, खाली व्हिट्रिफाइड फरशी पाणी पीत नाही, त्यामुळे पाठीला महिनाभरात कुबट वास धरतो. गालिचा कूलरच्या झोतात येणार असेल तर पीपीच बरा. नाहीतर उन्हाळाभर गुंडाळून ठेवा. तसंही मे महिन्यात गार फरशीवर पाय टेकायचं सुख कोण सोडतं? गुंडाळताना पीव्हीसी पाइपाभोवती, वरून जुनी सुती चादर. प्लास्टिकमध्ये बांधलं की आतला ओलावा आतच कोंडतो.

सतरंजीला लोक कमी लेखतात, पण मला विचाराल तर इथल्या हवेसाठी हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे. लव नाही म्हणून धूळ लपत नाही, दोन्ही बाजूंनी वापरता येते, गरम पाण्यात धुता येते. घरात दम्याचा पेशंट असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुता येणं मोठी गोष्ट आहे, त्या तापमानाला धुळीतले बारीक कीटक मरतात. नांदेडच्या पलीकडं, तेलंगणातल्या वरंगळला सुती सतरंज्या फार चांगल्या विणतात. १९४८ पर्यंत तो भाग आणि आपण निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात होतो. घेताना उजेडाकडं धरून बघा: उजेड आरपार दिसला तर वीण सैल, वर्षभरात कोपरे वेडेवाकडे होतील. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर अर्धा मिनिट दाबा, रंग उतरला तर पहिल्या धुण्यातच बाकीच्या पट्ट्यांवर पसरेल. धुतल्यावर आटते हे धरून जिथं मोजून पाच फूट हवेत तिथं तीन-चार इंच जास्त घ्या. सतरंजीचा एकच मोठा दोष, सरकते. आईंसाठी हाच मुद्दा महत्त्वाचा, त्यावर पुढं येतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. ताग दिसायला सुंदर, पण पाण्याचा थेंबही चालत नाही आणि रोज पोछा मारणाऱ्या घरात त्याची कड कायम ओली राहते. तपकिरी डाग फरशीवरही उतरतो. काथ्या फक्त दारात, तिथं मात्र त्याला तोड नाही. एकाऐवजी दोन पायपुसणी ठेवा, बाहेर काथ्याचं, आत सुती. दोन्ही पाय दोनदा टेकले जातील एवढी, म्हणजे मिळून चार-पाच फूट लांबी झाली, की निम्मी माती गालिच्यापर्यंत पोचतच नाही. तळमजल्यावर किंवा माळवदाच्या घरात वाळवी असेल तर सूत-ताग आठवड्याला उचलून खालची जमीन बघावी. हिमरू कुणी जमिनीसाठी सुचवला तर हसून सोडून द्या, ते अंगावर घ्यायचं कापड आहे.

विणीबद्दल एक गोष्ट. काही गालिच्यांत लव कापलेली नसते, धाग्याचे फासे तसेच असतात. दिसायला छान, पण आपल्याकडं घरात बायका अनवाणी वावरतात, पायात जोडवी-पैंजण असतात. एक फासा अडकला की ओढत सरळ रेघ उसवत जाते. कापलेल्या लवीचाच घ्या. फासा निघालाच तर ओढू नका, कात्रीनं पातळीत कापा.

डागांमध्ये आपली दोन दुखणी, हळद आणि तेल. हळदीचा रंग साबणाच्या क्षारानं लाल होतो, हे हळदी-कुंकवानंतर गालिचा धुणाऱ्या प्रत्येकीला दिसतं आणि घाबरायला होतं. तो कुंकवाचा डाग नाही, तीच हळद आहे. पाण्यात थोडं लिंबू किंवा पांढरं व्हिनेगर घालून टिपलं की परत पिवळी होते, आणि पिवळी हळद उन्हात उडते. दोन-तीन दुपारी तेवढाच भाग उन्हाला ठेवा. तेलावर आधी पाणी नको. बेसन जाडसर पसरून दोन-तीन तास ठेवा, झटका, मग लिटरभर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड घालून फडक्यानं टिपा. सांडलेला दुधाचा चहा गार पाण्यानं टिपायचा, गरम पाण्यानं दूध धाग्यावर बसतं. लोकरीला क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही, तंतू अक्षरशः विरघळतो. लोकरीच्या कपड्यांचं लिक्विडच वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर साबण पूर्ण निघत नाही, वाळल्यावर लव खरखरीत लागते आणि उरलेला साबण धूळ पकडतो. म्हणून साबण निम्मा, आणि शेवटचा हात नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा.

धुण्याचा मुहूर्तही बघा. घट बसायच्या आधी दसरा काढताना सगळी अंथरुणं निघतात, त्यात गालिचाही जातो. सुती आणि सिंथेटिक खुशाल काढा. पण सप्टेंबरात आपल्याकडं पाऊस अजून गेलेला नसतो. लोकरीचा आणि टफ्टेड गालिचा तेव्हा दोन-दोन दिवस ओला राहून आतून कुजतो. तो दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत धुवा, सावलीत, वारा लागेल असा, दोन दोऱ्यांवर टाकून.

आता आईंचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय अडकण्याची भीती घसरण्याइतकीच. गालिच्याची कड जमिनीपासून जेवढी बसकी तेवढी चांगली, उलटणारे कोपरे लगेच टाचून घ्यायचे. खाली जाळीदार रबराची मॅट घाला, गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापलेली, म्हणजे कड फरशीवर सपाट बसेल. चिकट पीव्हीसी फोम नको. उन्हाळ्यात फरशीला चिकटून पिवळा डाग सोडतो. जाळी महिन्यातून एकदा धुऊन घ्या, धूळ बसली की तीच सरकू लागते.

मापासाठी वर्तमानपत्रं चिकटवून ५ × ८ चा आकार हॉलमध्ये पसरून बघा. सोफ्याचे पुढचे पाय सहा-आठ इंच त्यावर आले पाहिजेत, आणि ज्या दाराचं पान त्यावरून फिरणार त्याच्याखालची फट मोजून घ्या. बिलावर फक्त 'कार्पेट १ नग' लिहून घेऊ नका. लवीचा धागा, पाठीचा धागा, जीएसएम आणि माप, चारही लिहून मागा. धाग्याचं नाव लिहायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडच्या गालिच्याची सुटा धागा ओला करून ओढायची परीक्षा नक्की करा.